मदत हवी आहे: कोतोर बंदरात एका दिवसात काय बघावं?

नमस्कार मंडळी. कोल्हापूरहून आई-बाबांना घेऊन क्रूझला निघतोय. जहाज सकाळी मॉन्टेनेग्रोतल्या कोतोरला लागतं, संध्याकाळी पाचच्या आत परत चढायचं. तटबंदीतलं जुनं गाव धक्क्यासमोरच आहे, तिथं चालतच जाऊ.

अडलंय ते पुढचं. वर सेंट जॉन किल्ल्यापर्यंत साधारण १३५० पायऱ्या आहेत. बाबा रोज रंकाळ्याला फेरी मारतात, जोतिबाच्या पायऱ्याही दमानं चढतात. पण आईचे गुडघे धरतात. तिला घेऊन निम्म्या वाटेवरच्या चर्चपर्यंत जाणं जमेल का? की किल्ला सोडून पेरास्त गाठावं? ते १२ किलोमीटरवर, आणि तिथून होडीनं बेटावरच्या चर्चला जाता येतं. खलाशांनी दगड टाकून, जुनी जहाजं बुडवून ते बेट उभं केलंय म्हणे. बाबांचा सगळा जीव त्यात अडकलाय, मलाही तेच पटतं.

फक्त खाडीकाठचा रस्ता अरुंद. परतताना गर्दीत अडकलो तर जहाज थांबणार नाही. बस बरी की टॅक्सी? पेरास्तहून किती वाजता निघावं? आणि आई माळकरी आहे, तिला तिथं पोटभर काय मिळेल? कुणी ज्येष्ठांना घेऊन गेलं असेल तर जरूर सांगा.