पियानो, बास, ड्रम्स : समोर बसून ऐकलेलं

गेल्या आठवड्यात मुंबईत एनसीपीएच्या टाटा थिएटरात एक युरोपियन जॅझ ट्रायो, म्हणजे तिघांचा संच, ऐकला आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये, म्हणून हा धागा. १९८० साली सुरू झालेलं हे सभागृह मुळात बांधलंच मैफलींसाठी, मागच्या रांगेलाही माइकशिवाय ऐकू यावं म्हणून. पियानोवाला एका हाताने वाजवत होता आणि दुसरा हात पियानोच्या पोटात घालून तारा दाबत होता. आवाज एकदम कोरडा, लाकडी. ड्रमरने काठ्या ठेवून तारेचे ब्रश घेतले आणि समोरच्या स्नेअर ड्रमवर गोल फिरवायला लागला. सुपात तांदूळ पाखडताना येतो ना, तसा आवाज.

पण खरं नवल बासचं, म्हणजे खर्जात वाजणाऱ्या त्या उभ्या तंतुवाद्याचं. याच मंडळींना मी दोन वर्षं फोनवर ऐकतेय. नवरा ध्वनिमुद्रण करतो, तो म्हणाला, बासची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास बोलते, फोनच्या एवढ्याशा स्पीकरला ते झेपतच नाही. म्हणजे तिघांपैकी दोघांनाच ऐकत होते मी! तुम्ही कुणी असा ट्रायो समोर बसून ऐकलाय का? कुठेही, कधीही. सविस्तर लिहा.

न्यू जर्सीहून :
सासूबाईंना घेऊन पाथ ट्रेनने न्यूयॉर्कला ख्रिस्तोफर स्ट्रीटवर उतरलो आणि व्हिलेज व्हॅनगार्डला गेलो. १९३५ पासूनचा क्लब. लाल दार, अरुंद जिना, खाली तळघरात जेमतेम सव्वाशे माणसं. पियानोवादक बिल एव्हान्सच्या ट्रायोचं २५ जून १९६१ चं ध्वनिमुद्रण इथलंच, मागे ग्लासांची किणकिण ऐकू येते ते. त्यातला बासवादक स्कॉट लाफारो ११ दिवसांनी मोटार अपघातात गेला. वय २५. जिना उतरताना माझ्या डोक्यात तेच होतं.

सासूबाई मिरजेच्या, पेटी वाजवतात. जॅझ पहिल्यांदाच. बराच वेळ गप्प होत्या, मग बघते तर बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजतायत. माझ्याकडे झुकून म्हणाल्या, "अगं, मुखडा दोनदा, मग अंतरा, मग परत मुखडा. चार मात्रांची आठ आवर्तनं झाली की पुढचा तुकडा. वर कुणी काहीही करो, हे मोडत नाहीत." बरोब्बर! चार मात्रांचं एक आवर्तन म्हणजे एक बार. आठ-आठ बारचे चार तुकडे, एकूण ३२. जॅझमधली कितीतरी जुनी गाणी याच साच्यातली. मी पंधरा वर्षं ऐकतेय, मला हे कुणीतरी सांगावं लागलं होतं. वर म्हणाल्या, "तो मोठ्या व्हायोलिनवाला सगळं धरून बसलाय बघ."

मडगावहून :
आजोबा मुंबईच्या हॉटेलांत ट्रंपेट वाजवायचे. नोटेशन गावच्या चर्चच्या शाळेत शिकलेले, त्या पिढीतल्या कित्येक गोंयकार वादकांसारखे. सांगायचे, ट्रायो ऐकायचा तर बासवाल्याच्या बाजूला बस. लिस्बनला एका छोट्या क्लबात तशीच बसले. बोट तारेवरून सुटतानाचा आवाजसुद्धा कळत होता.

पुण्याहून :
माझा अनुभव वाईट. मोकळ्या लॉनवर कार्यक्रम, ड्रम्सचे माइक इतके चढवलेले की पियानोवाल्याचे हात नुसते दिसत होते. पैसे गेल्याचं दुःख नाही, इतका नाजूक हाताचा ड्रमर वाया घालवला याचं आहे.

मी पडद्यामागचा :
परदेशातून ट्रायो येतो तेव्हा पियानो आणि डबल बास बहुधा इथलाच असतो. ड्रमर आपले सिंबल, म्हणजे पितळी थाळ्या, तेवढे घेऊन येतो. बास विमानात घालायचा म्हणजे जिवाला घोर. आम्ही एका कॉलेजच्या मुलाचा बास मागून आणला, टेम्पोत गाद्या घालून. पाहुण्याने तारा दाबून पाहिल्या, तर बोटांखालच्या लाकडी पट्टीपासून फार उंच. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या पायांतली चाकं चिमूट चिमूट फिरवून तारा खाली आणत तो तासभर बसला होता. तिकडे ट्यूनरने सकाळी लावलेला पियानो एसी सुरू झाल्यावर संध्याकाळी पुन्हा लावला.

कार्यक्रमभर तो मुलगा विंगेत उभा. स्वतःचाच बास, पण असा बोलताना त्याने कधी ऐकला नव्हता. संपल्यावर बासवादकाने फडक्याने पट्टी पुसली, बास त्याच्या हातात दिला आणि विचारलं, तारा परत पहिल्यासारख्या वर चढवून देऊ का?

मुलगा म्हणाला, नको, आहेत तशाच राहू द्या.