जुन्या मोटरबोटीच्या डॅशबोर्डवरचे मीटर बदलायचेत, सुरुवात कुठून करू?

शापोराकाठ
नमस्कार मंडळी. १८ फुटी फायबरची होडी, अमेरिकी बनावटीचं जुनं ६० एचपी टू-स्ट्रोक आउटबोर्ड. सध्या शापोऱ्याला किनाऱ्यावर ताडपत्रीखाली आहे, चवथीनंतर पाण्यात घालायची.

डॅशवर चार मीटर आहेत. पेट्रोलचा काटा चावी फिरवली की फुलच्या पलीकडे जाऊन बसतो, टाकी कितीही रिकामी असो. टॅको (इंजिनाचे फेरे दाखवणारा मीटर) शून्यावर मेलेला. व्होल्टमीटर चालतो, पण काचेच्या आत धुकं. पाण्याच्या नळीवर चालणारा स्पीडोमीटर हलतच नाही. चारही नवीन मागवून बसवावेत असा विचार आहे. जुन्या भोकांत नवे बसतात का? आणि मागचे नट हिरवे पडलेत, ते न मोडता कसे काढायचे?

वायरिंगवाला_डिचोली
थांबा, मागवू नका. तुम्ही सांगितलंत त्यावरून चारातला एकच मीटर नक्की गेलेला दिसतो, तो धुक्याचा.

पेट्रोलचा मीटर आधी तपासा. मागे तीन स्टड असतात: आय म्हणजे चावीवरून येणारे १२ व्होल्ट, जी म्हणजे निगेटिव्ह, एस म्हणजे टाकीतल्या सेंडरची (फ्लोटवरून पेट्रोलची पातळी कळवणाऱ्या भागाची) वायर. आय आणि जी यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा, चावी चालू करून बॅटरीइतकेच व्होल्ट यायला हवेत. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक आला तर आधी वायरिंग बघा. मग एसवरची वायर सोडवा. अमेरिकी पद्धतीच्या मीटरमध्ये काटा रिकाम्याकडे पडायला हवा. नंतर वायरच्या छोट्या तुकड्याने एस आणि जी जोडा, काटा फुलवर जायला हवा. दोन्ही झालं तर मीटर ठणठणीत आहे, दोष वायरीत किंवा टाकीत. युरोपीय मीटरवर हे बरोबर उलटं होतं, म्हणून गोंधळू नका.

सोडवलेल्या एस वायरचा निगेटिव्हशी रेझिस्टन्स मोजून इथे टाका, चावी बंद ठेवून. टाकी साधारण किती भरलीय तेही सांगा.

मालिम_मेकॅनिक
टॅकोबद्दल. आउटबोर्डचा टॅको इग्निशनवर चालत नाही, चार्जिंगच्या पल्सवर चालतो. फ्लायव्हीलखालच्या स्टेटरच्या (वीज बनवणाऱ्या कॉइलच्या) दोन पिवळ्या वायरी रेक्टिफायरवर (त्या एसी विजेची डीसी करणाऱ्या भागावर) येतात आणि करड्या रंगाची टॅकोची वायर त्यातल्याच एका टोकावरून निघते. त्यामुळे रेक्टिफायर गेला की बऱ्याचदा टॅको आणि चार्जिंग एकदमच जातात. तुमचा व्होल्टमीटर चालतोय ना? इंजिनाला फ्लशर (नळाचं पाणी इंजिनात सोडायची जोडणी) लावून, पाणी सोडून चालू करा (कोरडं चालवलंत तर इम्पेलर, म्हणजे पाण्याच्या पंपाचं रबरी चाक, खलास) आणि साधारण १५०० आरपीएमच्या आवाजावर बघा. बॅटरीवर १३.५ च्या वर चढायला हवं. १२.३ वरच राहिलं तर मीटरचे पैसे वाचवा आणि रेक्टिफायर तपासा: बॅटरी काढून, मल्टिमीटर डायोडवर ठेवून प्रत्येक पिवळ्या टोकापासून लालपर्यंत. करंट एका दिशेने वाहायला हवा, उलट नाही. दोन्हीकडे वाहतो किंवा कुठेच वाहत नाही, तर गेला.

चार्जिंग नीट असेल तर टॅकोच्या पाठीवरचा सिलेक्टर बघा. बारीक स्क्रूड्रायव्हरने तो दहा-बारा वेळा या टोकापासून त्या टोकाला फिरवा. आतला संपर्क खाऱ्या हवेने काळवंडतो, नुसत्या फिरवण्याने कित्येकदा काटा उठतो. जुना सिलेक्टर कोणत्या आकड्यावर आहे ते फिरवायच्या आधी लिहून ठेवा. १२ पोलचा स्टेटर असेल तर ६पी, म्हणजे फेऱ्यामागे सहा पल्स. चुकून ४पीवर ठेवलात तर ९०० वर चालणारं इंजिन १३५० दाखवेल आणि तुम्ही कार्ब्युरेटर पिळत बसाल.

एक गोष्ट सगळ्यांसाठी. इंजिन चालू असताना बॅटरीचा मेन स्विच बंद करायचा नाही. जुन्या मशिनांचे रेक्टिफायर बहुतेक त्यानेच जळतात.

खाडीवाला
काढण्याची पद्धत. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा, टाकीजवळ पेट्रोलचा वास असेल तर हवा खेळू द्या, मगच हात घाला. मोबाइलने मागचा फोटो काढा आणि प्रत्येक वायरीला कागदी टेपवर आय, जी, एस, लाइट असं लिहा. रंगांवर विसंबू नका. अमेरिकी मशिनावर जांभळी म्हणजे चावीचे व्होल्ट, करडी टॅको, गुलाबी पेट्रोल, गडद निळी लाइट. यामाहावर चावीची पिवळी आणि टॅकोची हिरवी असते. आणि वीस पावसाळे बघितलेली गुलाबी वायर गुलाबी राहत नाही.

हिरव्या नटाची खरी भीती ही की पाना फिरवताना नटाबरोबर स्टडच फिरतो. आतलं डाखण तुटतं आणि चांगला मीटर तिथेच मरतो. स्टडवर दोन नट असतील, एक मीटरला टेकलेला आणि एक थिंबलवर (वायरीच्या टोकाच्या कड्यावर). खालचा एका पान्याने धरायचा, वरचा दुसऱ्याने सोडवायचा. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल ब्रशने नटावर लावा, स्प्रे मारू नका. काचेवर थिनर तर अजिबात नको, प्लॅस्टिकची काच पांढरी पडते. तरीही हलला नाही तर नट बारीक करवतीने उभा कापा.

मग यू आकाराची पट्टी सुटते आणि मीटर पुढून बाहेर येतो. जुन्या सिलिकॉनने चिकटला असेल तर कडेखालून मासे पकडायची गळाची दोरी आरीसारखी फिरवा, स्क्रूड्रायव्हरने उचकटलात तर फायबरचा जेलकोट उडेल.

शापोराकाठ
धन्यवाद बाब सगळ्यांना. मोजलं. आय-जीवर १२.४, बॅटरीवर १२.५. एसची वायर सोडवल्यावर काटा रिकाम्यावर पडला, एस-जी जोडल्यावर फुल. वायर ते निगेटिव्ह ३४ ओहम, टाकी अर्धी आहे. टॅकोचा सिलेक्टर फिरवल्यावर काटा थरथरतो, ७०० दाखवतो, परत पडतो. चार्जिंग १४.१.

वायरिंगवाला_डिचोली
३४ वरून सगळं कळलं. अमेरिकी सेंडर रिकामा असताना २४०, अर्ध्यावर १०३ च्या आसपास, फुलवर ३३ ओहम. वायर शॉर्ट असती तर शून्य-एक आलं असतं. म्हणजे वायर चांगली आहे, फ्लोटची दांडी वर अडकलीय. सेंडर पाच स्क्रूंनी बसतो. भोकं सारख्या अंतरावर नसतात, त्यामुळे तो एकाच दिशेने बसतो. काढायच्या आधी फ्लँजवर आणि टाकीवर मार्करने एक रेघ मारा. स्क्रू सैल करताना टाकीत काही पडणार नाही याची काळजी घ्या. बाहेर काढल्यावर दांडी हाताने वरखाली करून ओहम बघा: सरकत बदलत गेले तर साफ करून परत घाला, मध्येच उडी मारली तर नवा सेंडर. गॅस्केट मात्र नवीनच, पेट्रोलला टिकणारं.

नवा मीटर कधी घेतलात तर डब्यावर २४०-३३ लिहिलेलाच. युरोपीय १०-१८० चा बसवलात तर रिकामी टाकी फुल दाखवेल आणि मांडवीच्या तोंडावर पेट्रोल संपल्यावर कळेल.

टॅको आतून गेलाय, बदला. चार्जिंग असून काटा थरथरतो म्हणजे संपर्क संपलेत. मात्र करड्या वायरीचं आणि निगेटिव्हचं थिंबल आधी साफ करून एकदा बघाच.

खाडीवाला
मग दोनच मीटर लागणार. मापं: छोटा व्होल्टमीटर ५२ मिमी भोक, टॅको बहुतेक ८५-८६ मिमी. मागवण्यापूर्वी भोक मोजा, बाहेरची रिंग नाही. भोक एक-दोन मिमी लहान असेल तर अर्धगोल कानसीने वाढवा, मास्क घालून. फायबरची धूळ वाईट.

बसवताना यू-पट्टीचे नट हाताने घट्ट, वर पाव फेरा, बस. जास्त पिळलात तर रिंग वाकते, काचेखालचं सील उघडतं आणि पहिल्या पावसात परत धुकं. मागे आंबट वास येणारं सिलिकॉन लावू नका, त्याचं ॲसिड तांब्याला खातं. गॅस्केट पुरेसं असतं.

वायर टिनचा लेप दिलेली १.५ चौरस मिमी, थिंबल क्रिंप करून वर आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह. साधी तांब्याची वायर स्लीव्हच्या आतूनच काळी पडत जाते, टोक कापलं तरी चमकतं तांबं सापडत नाही. चारही मीटरची निगेटिव्ह एकापासून दुसऱ्याला ओवलेली असेल तर एक सैल नट सगळे काटे नाचवतो. बिल्ज पंप (होडीच्या तळाचं पाणी उपसणारा) चालू केल्यावर पेट्रोलचा काटा हलला तर दोष तिथेच शोधा. जांभळ्या वायरीवर ५ अँपिअरचा फ्यूज.

मालिम_मेकॅनिक
स्पीडोमीटर राहिला. नळी मीटरकडून काढून तिथूनच पंपाने हवा मारा, दुसरं टोक इंजिनाच्या पायात उघडतं. मीटर जोडलेला असताना हवा मारलीत तर आतली नळी फुटते. शापोऱ्याच्या गाळात ते भोक हमखास बुजतं, त्यात गिटारची तार किंवा बारीक तांब्याची तार घाला. हवा मोकळी गेली तर मीटर जोडून होडी पाण्यात घातल्यावरच निकाल कळेल, किनाऱ्यावर नाही.