वाचनालयाच्या ऑफिससाठी मोफत सॉफ्टवेअर कोणतं? (महिन्याच्या चित्रपटाबद्दलही सुचवा)

कृष्णाकाठचा_ग्रंथपाल

नमस्कार मंडळी,

कऱ्हाडच्या बाजूला एका ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयाचं काम मी बघतो. ऑफिसात दोन संगणक आहेत. दोन्हींवर गावातल्या एका माणसाने पूर्वी कधीतरी ऑफिस टाकून दिलं होतं. आता उघडलं की वर पट्टी येते, परवाना वैध नाही म्हणून. रीतसर घ्यायचं तर दरवर्षी पैसे भरा, आणि ते पैसे पुस्तकखरेदीतून काढायला कार्यकारिणी तयार नाही. माझंही तेच मत आहे.

काम फार मोठं नाही. सभेचं इतिवृत्त, पत्रव्यवहार, जमाखर्चाचे तक्ते, वर्गणी थकलेल्या सभासदांना स्मरणपत्रं आणि वार्षिक अहवाल. अडचण एकच, जुने सगळे अहवाल श्रीलिपी या जुन्या मराठी फाँटात आहेत. एका संगणकावर दिसतात, दुसऱ्यावर नुसती चिन्हं दिसतात.

दुसरा प्रश्न. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही वरच्या हॉलमध्ये चित्रपट दाखवतो, आधी एक पानाचं माहितीपत्रक वाटतो, नंतर चर्चा. येणारी मंडळी म्हणजे निवृत्त शिक्षक, कॉलेजची मुलं आणि बऱ्यापैकी महिला. पुढच्या तीन-चार महिन्यांसाठी काय लावावं? पत्रकही याच मोफत सॉफ्टवेअरमध्ये करता आलं तर बरं.

---

उत्तरेश्वर

लिब्रेऑफिस. दुसरा विचार करू नका. आमच्या शाळेत सगळं त्याच्यावर चालतं. केरळात तर सरकारी शाळांमध्ये अशीच मुक्त सॉफ्टवेअरं वापरतात, तिथे अडत नाही तर आपल्याकडे कशाला अडेल?

---

निळी_फाइल

लिब्रेऑफिस चांगलं आहे, पण समोरची सगळी मंडळी वर्डची फाइल पाठवत असतील तर ओन्लीऑफिसही बघा. तेही मोफत आहे, सोर्स खुला आहे आणि मेनू ओळखीचे वाटतात. आमच्याकडे सरकारी नमुन्यांतले तक्ते लिब्रेऑफिसमध्ये उघडले की चौकटी सरकतात आणि एक पानाचा फॉर्म दोन पानांवर जातो. ओन्लीऑफिसमध्ये तो त्रास कमी झाला.

---

जुळारी

दादा, मी सांगलीत अक्षरजुळणीची कामं घेते. एका वाचनालयाचं दफ्तर आणि एका फिल्म सोसायटीची पत्रकं माझ्याकडेच असतात, त्यामुळे तुमचे दोन्ही प्रश्न माझ्या रोजच्या टेबलावरचे आहेत. जरा सविस्तर लिहिते.

लिब्रेऑफिस घ्याच. २०१० मध्ये ओपनऑफिसमधून ते वेगळं निघालं, तेव्हापासून सतत सुधारत आलंय. ओपनऑफिसच्या नावाने कुणी जुनी सीडी आणून दिली तर ती लावू नका. पण सॉफ्टवेअर बदललं तरी तुमची खरी अडचण तशीच राहील. ती आहे श्रीलिपीतल्या अहवालांची.

त्या फाइलींच्या पोटात मराठी नाहीच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं आहेत, त्यांना मराठी रूप देतो तो फाँट. फाँट नसला की संस्थेचा सगळा इतिहास वाचता येत नाही. फाँट असला तरी शोधखिडकीत ‘इमारत निधी’ टाकून एकही ठराव सापडत नाही. वाचनालयाने पुस्तकं जपायची आणि स्वतःचे ठराव असे कुलूपबंद ठेवायचे, हे मला फार लागतं. म्हणून ज्या संगणकावर ते अजून दिसतात, तो जाग्यावर आहे तोवर पहिलं काम हे करा: प्रत्येक अहवालाची पीडीएफ काढून ठेवा, आणि मग सवडीने मजकूर युनिकोडमध्ये आणा, म्हणजे ज्यात मराठी ही मराठी म्हणूनच साठते आणि कुठल्याही संगणकावर दिसते त्या पद्धतीत.

रूपांतर करणारी साधनं नेटवर फुकट मिळतात, पण त्यांनी दिलेला मजकूर डोळ्यांखालून घातल्याशिवाय दफ्तरी लावायचा नाही. कारण सांगते. जुन्या फाँटात जसं दिसतं तसं टंकलेलं असतं, म्हणजे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. रूपांतर करताना ही सगळी उलटापालट व्हावी लागते, आणि ‘वार्षिक’, ‘आर्थिक’ अशा शब्दांत, जिथे एकाच अक्षरावर रफार आणि वेलांटी दोन्ही आहेत, तिथे घोटाळा होतो. वार्षिक अहवालाच्या पहिल्या ओळीतच हे दोन्ही शब्द असतात, त्यामुळे साधन कितपत विश्वासाचं आहे ते तिथेच कळतं. जमाखर्चाचे आकडे मात्र कुणाला तरी शेजारी बसवून, मोठ्याने वाचून ताडून घ्या.

आता लिब्रेऑफिस लावल्यावर. टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये भाषांची खिडकी आहे, तिथे कॉम्प्लेक्स लिपीची (देवनागरी त्यातच येते) भाषा मराठी करा. आपोआप हिंदी राहिली तर काही फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. २००९ च्या शासननिर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितला आहे, आणि नोटो सान्स देवनागरीसारख्या फाँटात ती रूपं आत असतातच. भाषा मराठी सांगितली की ती बाहेर येतात. दुसरं, स्टाइलच्या खिडकीत पाश्चात्त्य लिपीचा फाँट वेगळा आणि कॉम्प्लेक्स लिपीचा वेगळा निवडायचा असतो. ‘मी आकार बदलला तरी मराठी तेवढंच राहिलं’ अशी तक्रार घेऊन जे येतात, त्यांनी वरचा बदललेला असतो आणि खालचा राहिलेला असतो.

स्मरणपत्रांसाठी सभासदांची यादी कॅल्कमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसच्या तक्त्यांच्या भागात, ठेवा आणि मेल मर्ज वापरा. नाव, पत्ता, थकबाकी आपापल्या जागी बसतात. यादी अकारविल्हे लावताना सॉर्टच्या पर्यायांमध्ये भाषा मराठी निवडा.

निळी फाइल म्हणतात तो त्रास खरा आहे. पण बहुतेक वेळा चौकट सरकते ती फाँटमुळे. समोरच्याने मंगल किंवा कॅलिब्री वापरलाय आणि तो तुमच्या संगणकावर नाही, मग दुसरा फाँट त्याची जागा घेतो आणि ओळी फुटतात. कॅलिब्रीच्या जागी कार्लितो टाकला की रुंदी जुळते. मंगलला तसा जोडीदार नाही, म्हणून मराठी फॉर्मच जास्त बिघडतात. ओन्लीऑफिस घ्यायचं तर अगदी नवी आवृत्ती घ्या, जुन्यांत मला जोडाक्षरांचा त्रास झालाय.

आणि एक सोय फार थोड्या लोकांना माहीत असते. पीडीएफ काढताना लिब्रेऑफिसमध्ये हायब्रिड पीडीएफचा पर्याय आहे. बाहेर जाते ती साधी पीडीएफ, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जशी पाठवली तशीच छापली जाते. पण तिच्या पोटात मूळ फाइलही असते, आणि लिब्रेऑफिसमध्ये उघडली की दुरुस्ती करता येते. इतिवृत्तं मी अशीच ठेवते. एकच फाइल, वाचायलाही आणि पुढच्या वर्षी उघडायलाही.

चित्रपटांचं आता.

पहिला ‘कोर्ट’ लावा. चैतन्य ताम्हाणे यांचा, २०१४ चा. सुवर्णकमळ मिळालं म्हणून नाही सांगत. माझा आयुष्यभराचा धंदा टंकलेखनाचा आहे, आणि टंकलेखनाकडे इतकं नीट बघणारा दुसरा चित्रपट मी पाहिलेला नाही. साक्षीदार बोलतो आपल्या भाषेत, आपल्या ओघात. न्यायाधीश ते ऐकतात आणि आपल्या शब्दांत टंकलेखकाला सांगतात. कागदावर जातं ते दुसरंच काहीतरी असतं, आणि पुढे तोच पुरावा. कुणी खोटं बोलत नाही, कुणी आवाज चढवत नाही. माणसाचं म्हणणं तुमच्या समोर, दिवसाउजेडी, बारीक होत जातं. सरकारी वकील बाई संध्याकाळी लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात, तेव्हा त्यांचा रागही धड करता येत नाही. तुमच्याकडच्या महिला त्या प्रसंगावर भरभरून बोलतील.

दुसरा ‘संत तुकाराम’. प्रभातचा, १९३६ चा, दामले-फत्तेलाल यांचा. पागनीसांच्या तुकोबांबद्दल सगळे बोलतात, पण माझ्या मते चित्रपट गौरीबाईंच्या आवलीचा आहे. घरात दाणा नाही, पोर आजारी, आणि ती देवळात जाऊन पांडुरंगालाच जाब विचारते. भक्तीचा चित्रपट असून तिचं म्हणणं कुठेही हलकं केलेलं नाही. निवृत्त शिक्षक मंडळी अभंग म्हणतील, म्हणू द्यात, पण चर्चा आवलीवरून सुरू करा.

तिसरा तुमच्या पहिल्या प्रश्नाशी जोडलेला आहे. ‘फ्लो’ नावाचा लॅटव्हियाचा ॲनिमेशनपट, गिंट्स झिलबालोदिस यांचा. सगळा पूर आलाय, एक मांजर आहे, आणि इतर प्राण्यांबरोबर एका होडीत ते तगून राहायचा प्रयत्न करतं. एकही संवाद नाही. प्राणी प्राण्यांसारखेच वागतात, माणसासारखे डोळे मिचकावत नाहीत, ही त्याची मोठी गोष्ट. २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. आणि तो ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला आहे, जे लिब्रेऑफिससारखंच कुणालाही फुकट उतरवून घेता येतं. मोफत सॉफ्टवेअर म्हणजे गरिबाचं, तात्पुरतं, असं तुमच्या कार्यकारिणीत कुणाला वाटत असेल तर त्या शनिवारी त्यांना पहिल्या रांगेत बसवा. कृष्णाकाठच्या लोकांना पुराचं पाणी काय असतं ते सांगावं लागत नाही. २००५ आणि २०१९ आम्ही सांगलीत पाहिलंय. मांजर खिडकीत बसलंय आणि पाणी वर येतंय, एवढ्यावर आमच्याकडे हॉल शांत झाला होता.

सार्वजनिक प्रयोगासाठी हक्कधारकांची परवानगी मात्र घ्या, लेखी. ‘संत तुकाराम’च्या कॉपीराइटची ६० वर्षांची मुदत केव्हाच उलटून गेलीय. बाकी दोन्हींसाठी पत्र लिहावं लागेल.

---

मळ्यातला_मास्तर

जुळारीताईंच्या संगणकाच्या भागाला +१. पण ‘कोर्ट’बद्दल असहमत. तालुक्याच्या ठिकाणी पहिलाच हा लावलात तर अर्धा हॉल मध्यंतरात उठेल. कॅमेरा एका जागी ठेवून मिनिटन् मिनिट तसाच बघत बसायचं, याची सवय लागायला वेळ लागतो. आमच्या ऊसपट्ट्यात ‘सामना’ लावा. तेंडुलकरांचं लेखन, समोर निळूभाऊ आणि डॉ. लागू. साखर कारखाना, सत्ता, गप्प बसलेलं गाव, सगळं घरचं. चर्चा रात्री उशिरापर्यंत चालते.

---

जुळारी

मास्तर, ‘सामना’ माझाही आवडता आहे आणि चौथा महिना त्यालाच द्यावा. पण क्रम मी बदलणार नाही. ‘सामना’त कुणाच्या बाजूने बसायचं ते कळायला वेळ लागत नाही, निळूभाऊंचा चेहराच पुरतो. ‘कोर्ट’मध्ये ते ठरवणं प्रेक्षकावर येतं. संथ आहे, मान्य. पण ज्यांनी तहसील कचेरीच्या बाकावर दुपारी काढल्यात त्यांना तो वेग परका नाही. आमच्याकडे उठले ते कॉलेजचे मुलगे. साठीपुढची मंडळी शेवटपर्यंत बसली.

---

कृष्णाकाठचा_ग्रंथपाल

सगळ्यांचे मनापासून आभार. लिब्रेऑफिस दोन्ही संगणकांवर टाकलं, भाषा मराठी केली, श खरंच बदलला. पीडीएफ काढायला सुरुवात केलीय. एक विचित्र अडचण आली. सभासदांच्या यादीत ‘कऱ्हाड’ शोधलं की निम्मेच सभासद येतात. नावं तर सारखीच दिसतात. आणि पुस्तकांच्या नोंदींसाठीही असंच काही आहे का?

---

जुळारी

दादा, तुमच्या गावाच्या नावातच ती गोम आहे. हा ऱ्ह दोन तऱ्हांनी टंकता येतो. एक, नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग ह. दुसरा, साधा र, हलन्त, मधे न दिसणारं एक जोडचिन्ह, मग ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द. यादी दोघांनी वेगवेगळ्या कळफलकांवरून भरलेली असणार. एका चौकटीतला शब्द शोधखिडकीत चिकटवा, दुसऱ्या प्रकारचा ‘बदला’ (रिप्लेस) या चौकटीत चिकटवा, आणि सगळे एकदम बदला. पुढे सगळ्यांनी इनस्क्रिप्ट हाच कळफलक वापरायचं ठरवा. त्यात ‘कऱ्हाड’साठी: के, शिफ्ट-जे, डी, यू, ई आणि शेवटी उघडत्या चौकटी कंसाची कळ. बोटांना सवय झाली की ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘तऱ्हा’ सगळे बिनचूक येतात.

पुस्तकांच्या नोंदींसाठी कोहा नावाचं ग्रंथालयाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी ते तयार झालं, २००० पासून चालू आहे, आपल्याकडच्या विद्यापीठांतही वापरतात. पण त्याला लिनक्सचा सर्व्हर आणि सांभाळणारा माणूस लागतो. तो माणूस मिळेपर्यंत घाई करू नका. एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचं ई-ग्रंथालय हे सॉफ्टवेअर बघून ठेवा, किंवा तूर्त कॅल्कमध्येच नीट रकाने पाडून नोंदी करा, तिथून पुढे कुठेही नेता येतात.

एक सुचवते. कॉलेजच्या मुलांना ‘सिन्टेल’ द्या. ब्लेंडरवाल्यांनीच २०१० मध्ये केलेला पंधरा मिनिटांचा लघुपट, श्रेय दिलं की कुठेही दाखवायला मोकळा. संवाद इंग्रजी आहेत, थोडेच आहेत. मुलांनी सबटायटल एडिट या सॉफ्टवेअरमध्ये मराठी उपशीर्षकं करावीत आणि मुख्य चित्रपटाआधी तो लावावा. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करायला सांगा, नाहीतर प्रश्नचिन्हं उमटतात. व्हिडिओ आणि उपशीर्षकांची फाइल एकाच नावाने एकाच फोल्डरमध्ये ठेवली की व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर आपणहून ती उचलतो. मराठीच्या जागी चौकोन दिसले तर व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये उपशीर्षकांचा फाँट निर्मला यूआय करा. ओळी आवाजाच्या आधी येत असतील तर एच दाबत जा, मागे पडत असतील तर जी. हे सगळं शुक्रवारी संध्याकाळी, हॉलमधल्याच संगणकावर करून बघा, मुलांसकट.