बाबांच्या यकृताचं ऑपरेशन, भूल कोणती?

प्रश्न: बाबांच्या यकृताचा उजवा भाग काढायचाय. भुलीची औषधं यकृतातच मोडतात म्हणे. मग उरलेल्या तुकड्यावर ताण नाही का येणार? त्यांचे पिवळट डोळे बघून रात्रभर झोप नाही.

उत्तर: मी भूलतज्ज्ञ आहे. नाकातोंडावाटे दिलेली भूल बहुतेक श्वासावाटेच बाहेर पडते. हुंगवायच्या भुलीच्या औषधांपैकी जुन्या हॅलोथेनचा सुमारे २० टक्के भाग यकृतात मोडायचा, डेसफ्लुरेनचा जेमतेम ०.०२ टक्के. स्नायू सैल करायला सिसॲट्राक्युरियम असतं, ते रक्तात आपोआप विघटित होतं. माझं लक्ष जास्त असतं ते रक्तस्रावाकडे.

दुसरं उत्तर: माझ्या आईला अशाच ऑपरेशनच्या वेळी पाठीत एपिड्युरलची, म्हणजे मणक्याजवळ वेदनाशामक औषध सोडणारी नळी होती. दुखणं आटोक्यात राहिलं, पण आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) वाढल्यामुळे, रक्तस्रावाच्या भीतीने नळी काढायला दोन दिवस थांबावं लागलं. हे आधीच विचारा.

प्रश्नकर्ती: उद्याच विचारते. खूप आधार वाटला.