वाइन-बिअरची चव ओळखायची आणि सांगायची कशी?

घोटभर: बाटलीवर ब्लॅककरंट, ओली माती, व्हॅनिला असं काय काय लिहिलेलं असतं. मला फक्त 'आंबट' नाहीतर 'कडू' एवढंच कळतं. बिअरचं तर तेवढंही नाही. जीभ कमी पडतेय की शब्द?

तुरट_तज्ज्ञ: नाक कमी पडतंय. नाक चिमटीत धरून घोट घ्या, तोंडात घोळवा, गिळा आणि मग नाक सोडा. सोडताक्षणी जे उमटतं तो गंध. ब्लॅककरंट जिभेवर शोधाल तर सापडणारच नाही.

पण गंधांच्या मागे लागण्याआधी जीभ पक्की करा. २५० मिली पाण्यात ५ ग्रॅम साखर, दुसऱ्या पेल्यात तेवढ्याच पाण्यात अर्धा ग्रॅम सायट्रिक ॲसिड, तिसऱ्यात खूप उकळलेला कोरा चहा. आंबटाने तोंडाला पाणी सुटतं, तुरटाने हिरड्या आणि गाल कोरडे पडतात. नवखे लोक रेड वाइनला 'कडू' म्हणतात तो बहुतेकदा टॅनिनचा (द्राक्षाच्या साली-बियांतल्या द्रव्याचा) तुरटपणा असतो. आता आंबट पाण्यात ५ ग्रॅम साखर विरघळवा. ॲसिड तेवढंच, तरी आंबटपणा दबलेला वाटेल. गोड वाइन चाखताना हेच फसवतं, म्हणून गोडीकडे दुर्लक्ष करून लाळ किती सुटते ते बघायचं.

फेसाळ: बिअरबद्दल. बाटलीतून पिऊ नका, वास मिळत नाही. फ्रीजमधून काढल्या काढल्याही नको; ८-१० अंशांपर्यंत येऊ द्या. ग्लासच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून राहिले तर ग्लास नीट धुतलेला नाही, फेसही टिकणार नाही.

पिल्सनर (फिकट सोनेरी, स्वच्छ चवीची बिअर) आणि जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर शेजारी-शेजारी ठेवा. दुसरीत केळं आणि लवंग जाणवेल. दोन्ही यीस्टची करामत, केळं कुणी घातलेलं नसतं. दोषही शिकून घ्या, ते पटकन लक्षात राहतात: ओला पुठ्ठा म्हणजे जुनी, ऑक्सिडाइझ झालेली, लोणी म्हणजे डायअसिटिल (आंबवताना तयार होणारं रसायन), उकडलेला मका म्हणजे डीएमएस (डायमिथाइल सल्फाइड, गंधकाचं संयुग). हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीला ऊन लागलं की हॉप्समधल्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधल्या) घटकांपासून गंधकासारखा उग्र वास तयार होतो.

कोरा_ग्लास: +१. एकच वाइन एकटी चाखून काही शिकता येत नाही, फरकच शिकवतो. दुसऱ्या कुणाला तीन सारखे ग्लास भरायला सांगा, दोन ग्लासांत एकच वाइन, तिसऱ्यात वेगळी. वेगळा ग्लास ओळखा. नुसत्या अंदाजानेही तीनातून एकदा बरोबर येतं, म्हणून एका यशावर खूश होऊ नका. सहापैकी पाचदा जमलं तर खरं. दर ग्लासात ५० मिलीपेक्षा जास्त नको.

शब्दांसाठी वाइनतज्ज्ञ ॲन नोबल यांचं अरोमा व्हील (गंधांचे शब्द ढोबळाकडून बारीककडे मांडलेलं चक्र) वापरा: आधी 'फळ', मग 'लिंबूवर्गीय', मग जमलं तर 'ग्रेपफ्रूट'. 'फळ' लिहून थांबलात तरी चालेल. बाटलीवरचं वर्णन मात्र आधी वाचू नका; वाचलेलंच जाणवायला लागतं.

घोटभर: आणि थुंकायचं असतं ना?

तुरट_तज्ज्ञ: वाइन थुंका, नाहीतर चौथ्या ग्लासनंतर सगळंच छान लागतं. बिअरचे छोटे घोट मात्र गिळा. गिळल्यावर कडवटपणा घशाशी किती वेळ रेंगाळतो हेही नोंदवायचं असतं.