मध्यछेदाच्या आकृतीत टर्बिनेट काढायचे की नाकाचा पडदा? मदत हवी आहे

नमस्कार. मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. डोकं आणि मानेचा मध्यछेद, म्हणजे मधोमध उभं कापल्यावर आत दिसतं ते चित्र, मोठ्या कागदावर काढतेय आणि नाकाशीच अडकलेय. छेद अगदी मधोमध घेतला तर नाकाचा पडदा दिसायला हवा. एका पुस्तकात तसंच आहे, पुढे कूर्चा, मागे हाड. दुसऱ्यात मात्र त्याच जागी एकाखाली एक तीन टर्बिनेट (नाकातली वळलेली हाडं) आहेत आणि मागे कानातून घशात येणाऱ्या नळीचं तोंडही. शीर्षक दोन्हींवर एकच!

मेंदूचंही तेच. कॉर्पस कॅलोझम (मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा पट्टा) कापलेला दिसतो, पण त्याच्या वरच्या वळ्या शाबूत. दोनदा काढलं, दोनदा खोडलं, कागद आता तिथे खरखरीत झालाय. नुसती नक्कल करता येईल, पण मला कळून काढायचंय. कापलेलं काय आणि पलीकडचं दिसतंय ते काय, हे ओळखायचं कसं?

प्रतिसाद १
नेमक्या जागी अडलात, दोन्ही चित्रं बरोबर आहेत. पडदा काढून टाकला किंवा छेद जरासा बाजूने घेतला की नाकाची बाजूची भिंत उघडी पडते. टर्बिनेट त्या भिंतीवर असतात. मेंदूच्या दोन अर्धगोलांमध्ये मुळातच खोल फट आहे. चाकू त्या फटीतून जातो, म्हणून वळ्यांना धक्का लागत नाही. कापले जातात ते मध्यरेषा ओलांडणारे भाग, म्हणजे कॉर्पस कॅलोझम, मेंदूस्तंभ आणि लहान मेंदूचा मधला पट्टा. या पट्ट्यात झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी दिसते, ती सावकाश काढा, फार सुंदर असते.

प्रत्येक अवयवाला एकच विचारायचं, हा मध्यरेषेवर आहे का? श्वासनलिकेवर करून बघा. तिच्या कूर्चेच्या कड्या मागून उघड्या असतात, त्यामुळे कापलेले तुकडे फक्त पुढच्या भिंतीत येतील. त्यांच्या वरची क्रिकॉइड नावाची कूर्चा मात्र पूर्ण कडं आहे. ती पुढे बुटकी आणि मागे उंच, अशी दोन्हीकडे दिसेल.

धागाकर्ती
श्वासनलिका काढून पाहिली, मागच्या भिंतीत एकही तुकडा आला नाही! मनापासून आभार. मग टॉन्सिल कापलेला नाही, पलीकडचा दिसतोय, बरोबर ना?

प्रतिसाद १
बरोबर. टॉन्सिल घशाच्या दोन्ही बाजूंना असतात. पडजीभ मात्र मधोमध लोंबते, ती कापलेली दाखवा.