रिझालला बाजूला ठेवून फिलिपिनो साहित्याचा इतिहास सांगता येईल का?

गोदाकाठ (धागालेखक)

2025 च्या फ्रँकफर्ट पुस्तक मेळ्यात फिलिपिन्स हा पाहुणा देश होता. त्यांनी घोषवाक्य घेतलं तेही होसे रिझाल या त्यांच्या स्पॅनिशमध्ये लिहिणाऱ्या कादंबरीकाराच्या कादंबरीतलं. त्या निमित्ताने मी बरंच वाचलं, आणि जिथे तिथे गोष्ट एकाच चालीवर सांगितलेली दिसली. आधी काही विशेष नव्हतं. मग 1887 मध्ये बर्लिनला 'नोली मे तांगेरे' छापली गेली, 1891 मध्ये 'एल फिलिबुस्तेरिस्मो' आली, 1896 च्या डिसेंबरात स्पॅनिश सरकारने रिझालला गोळ्या घातल्या. पुढे अमेरिकन आले, इंग्रजी आली, निक होआकिन आणि सियोनिल होसे आले. झाला इतिहास!

माझं म्हणणं सरळ आहे. हा इतिहास नाही, ही त्या देशातल्या शिकलेल्या मूठभरांची वंशावळ आहे. फिलिपिनो साहित्याचा मुख्य प्रवाह स्थानिक भाषांमधला आहे, आणि तो बराचसा गाण्याचा नि ऐकण्याचा आहे. इफुगाओ लोक भाताच्या कापणीला आणि मयताला 'हुडहुड' गातात. मारानाओंचं 'दारांगेन' हे महाकाव्य अजून गायलं जातं. स्पॅनिश आल्यावरही हे थांबलं नाही, फक्त विषय बदलले. ख्रिस्ताच्या यातनांची 'पास्योन' तागालोगमध्ये, म्हणजे मनिलाकडच्या भाषेत, रचली गेली आणि पवित्र आठवड्यात ती आजही घरोघरी सलग वाचतात. 1838 मध्ये फ्रान्सिस्को बालाग्तासने 'फ्लोरांते आत लौरा' लिहिलं. गोष्ट घडते अल्बानियात, पण तिथला जुलूम कुठला आहे हे ऐकणाऱ्याला बरोबर कळायचं.

उलट स्पॅनिशचं काय झालं पाहा. सेसिलियो आपोस्तोल, फेर्नांदो मारिया गेरेरो, क्लारो रेक्तो यांची उत्तम स्पॅनिश कविता बहरली ती अमेरिकन आल्यानंतर, म्हणजे शाळेत इंग्रजी सुरू होऊन स्पॅनिश वाचणारी पिढी आटत असताना. त्यांच्या नातवंडांना ती कविता वाचताच येईना. साहित्य असं वाऱ्यावर सोडून देणाऱ्या भाषेला इतिहासाच्या मध्यभागी का बसवायचं?

तिरकस

असहमत. अगदी ठामपणे.

तुम्ही रिझालला 'मूठभरांचा' म्हणता, मग आंद्रेस बोनिफासिओचं काय करणार? तो गोदामात काम करणारा माणूस. 1892 मध्ये त्याने 'कातिपुनान' ही गुप्त क्रांतिकारी संघटना उभी केली. रिझालच्या दोन्ही कादंबऱ्या त्याने वाचल्या होत्या, आणि रिझालची शेवटची कविता त्यानेच तागालोगमध्ये आणली. म्हणजे वरचं साहित्य खाली झिरपलं, आणि चांगलं झिरपलं.

दुसरं, कादंबरी हा प्रकार तिथे रुजवला कोणी? 'पास्योन' थोर असेल, पण तिच्यात मठाधिपती शेतसारा कसा वसूल करतात, पोरांवर चोरीचा आळ घेऊन त्यांना कसं मारतात, हे येत नाही. 'नोली' मध्ये येतं. सिसा नावाची बाई दोन्ही मुलं गमावून वेडी होते, ते प्रकरण वाचा आणि मग सांगा की हे मूठभरांसाठी होतं. पहिल्या आवृत्तीच्या 2,000 प्रती निघाल्या, त्याही मित्राने पैसे दिले म्हणून. मनिलात बंदी आली, तरी पुस्तक चोरून पोचलं.

आणि हो, 1956 पासून कायद्याने रिझालच्या कादंबऱ्या शिक्षणात सक्तीच्या आहेत. चर्चने तेव्हा आकाशपाताळ एक केलं होतं. एखाद्या लेखकाला बाजूला ठेवायला इतकी धडपड करावी लागत असेल, तर तो मध्यभागीच असतो.

पिकलेला फणस

धागा रंगणार. चहा ठेवला आहे.

मांडवीतीर

मी गोव्याचा, म्हणून मला यात वेगळीच गंमत दिसते.

मनिलात छापलेलं पहिलं पुस्तक 1593 चं 'दोक्त्रिना क्रिस्तियाना'. त्यात मजकूर स्पॅनिश आणि तागालोगमध्ये आहे, आणि तागालोग मजकूर रोमन लिपीबरोबर तिथल्या जुन्या बायबायिन लिपीतही. आपल्याकडे गोव्यात छापखाना 1556 चा, आणि थॉमस स्टीफन्सचं ओवीबद्ध मराठी 'क्रिस्तपुराण' 1616 चं. म्हणजे धर्मप्रसारकांची चाल दोन्हीकडे एकच होती: लोकांच्या भाषेत, लोकांच्या छंदात ख्रिस्ताची कथा सांगायची.

पण पुढे वाटा फुटल्या. स्टीफन्स इंग्रज होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तागालोग 'पास्योन' रचणारा गास्पार आकिनो दे बेलेन मात्र तिथलाच, जेझुइटांच्या छापखान्यातला मुद्रक. आणि गोव्यात पोर्तुगीजांनी 1684 मध्ये स्थानिक भाषा बंद करण्याचं फर्मान काढलं, तर फिलिपिन्समध्ये पाद्र्यांनी उलटं केलं. स्वतः स्थानिक भाषा शिकले आणि लोकांना स्पॅनिश शिकू देण्याचं टाळत राहिले. मधला दुवा आपल्याच हातात राहावा म्हणून! तीनशे वर्षं राज्य करूनही स्पॅनिश तिथे थोड्यांचीच राहिली ती यामुळे.

म्हणून गोदाकाठ, तुमचा हिशोब मला अर्धाच पटतो. तागालोग टिकली, कारण सत्तेला ती टिकायला हवी होती. 'स्थानिक भाषा म्हणजे लोकांची, परकी म्हणजे सत्तेची' इतकं सोपं ते नाही. रिझालच्या काळात स्पॅनिश शिकणं हेच बंड होतं. 'फिलिबुस्तेरिस्मो' मधले विद्यार्थी स्पॅनिश शिकवणारी अकादमी मागतात, तेवढ्यावरून त्यांच्यामागे ससेमिरा लागतो.

गोदाकाठ

मांडवीतीर, 1684 चा मुद्दा जोरदार आहे. पण त्याच कादंबरीत पुढे काय आहे? बंडाचा कट रचणारा सिमोन बासिलिओ नावाच्या विद्यार्थ्याला झापतो. स्पॅनिश कधीच या देशाची सर्वांची भाषा होणार नाही, आपली भाषा जपाल तोवर स्वातंत्र्याची खूण जपाल, असा त्याचा रोख. म्हणजे रिझाल माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे, फक्त साक्ष स्पॅनिशमध्ये देतोय.

तिरकस, बोनिफासिओबद्दल. माणसं संघटनेत आली ती कादंबरी वाचून नव्हे. कातिपुनानचं 'कालायाआन' हे वृत्तपत्र 1896 मध्ये तागालोगमध्ये निघालं. रेनाल्दो इलेतो या इतिहासकाराने 1979 मध्ये मांडलं की खेड्यातल्या माणसाने क्रांती समजून घेतली ती 'पास्योन' च्या भाषेत: यातना, अंधार, मग उजेड. ज्या ग्रंथाला तुम्ही शेतसारा नाही म्हणून नापास केलंत, त्यानेच लोकांना बंडाचा अर्थ सांगितला. पाद्र्यांनी आज्ञाधारकपणा शिकवायला दिलेलं पुस्तक त्यांच्यावरच उलटलं. साहित्याची ताकद याहून वेगळी काय असते?

तिरकस

सिमोन हे पात्र आहे हो, रिझालचा वकील नव्हे. शिवाय शेवटी त्याचा कट फसतो.

जहाजी

तुमचं सगळं वाचतोय. मी पुस्तकी माणूस नाही, व्यापारी जहाजांवर बरीच वर्षं काढली, अर्धा क्रू फिलिपिनो. त्यामुळे एक सांगतो: इथे सगळे 'तागालोग म्हणजे स्थानिक, म्हणजे लोकांची' असं धरून चालले आहेत. इलोइलोच्या बोसनला (खलाशांच्या मुकादमाला) हे म्हणून बघा! तो आपसात हिलिगायनोन बोलतो, सेबूचा फिटर सेबुआनो. मनिलाची भाषा त्यांनी शाळेत आणि टीव्हीवर शिकलेली. 1937 मध्ये राष्ट्रभाषेसाठी तागालोग पाया धरला, तेव्हापासूनची ही कुरकुर आहे आणि ती जहाजाच्या मेसमध्येही ऐकू येते.

त्यांच्याकडूनच नावं कळली, मग शोधून वाचलं. विसेंते सोत्तोची 'मामिंग' ही सेबुआनोतली पहिली लघुकथा म्हणतात, 1900 ची. माग्दालेना हालांदोनी विशीही ओलांडली नव्हती तेव्हा तिची हिलिगायनोन कादंबरी आली, 1909 च्या सुमारास. उत्तरेकडच्या इलोकानो भाषेत 'बियाग नी लाम-आंग' हे महाकाव्य आहे, त्यातला नायक जन्मतःच बोलतो आणि स्वतःचं नाव स्वतः ठेवतो. 'बान्नावाग' हे इलोकानो साप्ताहिक 1934 चं. यातलं काहीच गोदाकाठ यांच्या पहिल्या पोस्टमध्ये नाही. तुम्ही रिझालला उठवून त्या खुर्चीत बालाग्तासला बसवलंत, खुर्ची मनिलातच राहिली.

पिकलेला फणस

जहाजी, हे बेस्ट होतं.

शके_मोजणारा

अवांतर, पण मराठी वाचकाला सांगायलाच हवं. मनिलाजवळच्या लागुना प्रांतात 1989 मध्ये एक ताम्रपट सापडला. त्यावर काळ आहे शके 822, वैशाख, कृष्ण चतुर्थी, सोमवार. म्हणजे इ. स. 900. आपल्या पंचांगातलाच शक! लिपी कावी (जुन्या जावाची), भाषा जुनी मलय, आणि त्यात संस्कृत शब्दांची रेलचेल. फिलिपिन्सचा सापडलेला हा सर्वांत जुना लेख. 'आधी काही विशेष नव्हतं' म्हणणाऱ्यांना एवढं पुरे.

आणि दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटावरच्या मुस्लिम मारानाओंकडे रामायण आहे, 'महाराडिया लावाना'. लावाना म्हणजे रावण. राम तिथे मंगंदिरी नावाने येतो आणि हनुमानाचं काम करणाऱ्या माकडाचं नाव लक्समाना. ही कथा अभ्यासकांच्या हाती लागली 1960 च्या दशकाच्या शेवटी. स्पॅनिशांचा जिथे कधी नीट अंमल बसला नाही, तिथे ती टिकली.

तिरकस

ताम्रपट पाहिला. कर्ज फिटल्याची पावती आहे ती. उद्या माझा सातबारा साहित्य म्हणून छापाल!

शके_मोजणारा

मग आपल्याकडे शिलालेखांपासून मराठीचा इतिहास सुरू करतात ते कशासाठी? पावती लिहिणारा समाज गाणी पण रचत असतो, फक्त ती तांब्यावर कोरत नाही.

अनघा_वाचते

इंग्रजीची बाजू कोणीच घेत नाहीये, म्हणून मी घेते. 1901 मध्ये 'थॉमस' नावाच्या जहाजातून अमेरिकन शिक्षक आले आणि पंचवीस वर्षांच्या आत पास मार्केस बेनितेसची 'डेड स्टार्स' (1925) ही कथा आली. ती आजही ताजी वाटते. एका माणसाला वर्षानुवर्षं वाटत राहतं की आपलं खरं प्रेम दुसरीकडे राहिलं; पुन्हा भेटल्यावर कळतं की तो ताराच विझलेला होता. सत्तेची भाषा वगैरे ठीक, पण कथेला भाषेच्या पत्रिकेवरून नापास करू नका.

आणि भाषा बदलली तरी वाद तेच राहतात. 1930 च्या दशकात होसे गार्सिया व्हिया म्हणत होता कविता ही केवळ कविता असते, आणि साल्वादोर लोपेस म्हणत होता लेखकाने समाजाला उत्तर द्यायला हवं. दोघेही इंग्रजीत भांडत होते! आपल्याकडचं 'कलेसाठी कला की जीवनासाठी' आठवलं.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण 1973 चं. राष्ट्राध्यक्ष मार्कोसची लष्करी राजवट सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं. होसे लाकाबाने टोपणनावाने 'प्रोमिथ्यूस अनबाउंड' नावाची इंग्रजी कविता एका सरकारधार्जिण्या साप्ताहिकाला पाठवली. ग्रीक पुराणकथा, म्हणून संपादकाने निर्धास्त छापली. ओळींची पहिली अक्षरं वरून खाली वाचली की त्या काळातली मोर्च्यातली घोषणा तयार होते: मार्कोस, हिटलर, हुकूमशहा, कुत्र्याचं पिल्लू. लक्षात आल्यावर अंक परत गोळा करायची धावपळ झाली. इंग्रजीची प्रतिष्ठा होती म्हणून ती कविता आत शिरली.

गोदाकाठ

अनघाताई, पण खाली वाचायची घोषणा तागालोगच होती ना! आतला दारूगोळा देशी, वेष्टन इंग्रजी.

लष्करी राजवटीवरचं लोकांनी खरोखर वाचलेलं पुस्तक घ्यायचं तर लुआल्हाती बाउतिस्ताची 'देकादा 70'. चळवळीत गेलेल्या मुलांची मध्यमवर्गीय आई बोलते, फिलिपिनो भाषेत, म्हणजे तागालोगवर उभ्या राष्ट्रभाषेत. मार्कोस सत्तेवर असतानाच लिहिलेली. इंग्रजीत ती आई अशी बोलली असती असं मला वाटत नाही.

जहाजी, तुमचा खुर्चीचा मुद्दा मान्य करायला माझी हरकत नाही. मी इतिहास लिहायला बसलो तर इलोकानो, सेबुआनो आधी येतील. पण त्याने रिझालवाल्यांची बाजू भक्कम होत नाही, आणखी पातळ होते. आणि तिरकस, एक सोडवा: रिझालने तिसरी कादंबरी तागालोगमध्ये का सुरू केली?

तिरकस

सुरू केली आणि थोड्या पानांत सोडून परत स्पॅनिशवर आला, तेही सांगा की. तागालोगचं त्याला वावडं नव्हतं. 'नोली' छापली त्याच वर्षी त्याने बर्लिनमध्ये विद्वानांपुढे तागालोग छंदांवर निबंध वाचला. छंद होते, ओव्या होत्या, पण कादंबरीचं गद्य अजून घडायचं होतं. ते घडलं लोपे सांतोसच्या 'बानाआग आत सिकात' पर्यंत, 1906 मध्ये: मनिलातले कामगार, मालक आणि समाजवादावरच्या पानंच्या पानं चर्चा. लिहिणारा पत्रकार आणि कामगार पुढारी. कादंबरीत राजकारण असं उघड घालता येतं हे त्याच्या पिढीला कोणी दाखवलं होतं? बालाग्तासने नाही.

आज तिथल्या शाळेत फिलिपिनो भाषेच्या विषयात आठवीला 'फ्लोरांते', नववीला 'नोली', दहावीला 'फिलिबुस्तेरिस्मो' असतं. दोन्ही कादंबऱ्या भाषांतरातून, फिलिपिनोतच. पोरं बालाग्तासचं पुस्तक मिटून रिझालचं उघडतात, आणि स्पॅनिश कुठे होती हे त्यांच्या गावीही नसतं.

जहाजी

आणि सेबूची पोरं दोन्ही पुस्तकं मनिलाच्याच भाषेत वाचतात. माझा प्रश्न तिथेच आहे, साहेब.